धनंजयराव गाडगीळ

मळ्यात पिकलेले फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत अनेक हातांतून फिरते. गाडीवान ते बाजारात आणतो. हमाल ते उतरवतो. अडत्या त्याचा सौदा करून देतो. घाऊक व्यापारी ते विकत घेतो आणि त्याच्याकडून किरकोळ विक्रेता आपली टोपली भरतो. यांपैकी प्रत्येकाला आपल्या श्रमाचा किंवा भांडवलाचा मोबदला हवा असतो. मग गिऱ्हाइकाने मोजलेल्या एका रुपयातील किती आणे शेतकऱ्याच्या पदरात पडतात? हा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी त्याचे नेमके उत्तर देणारे क्वचितच भेटत. शेतकरी नाडला जातो, असे कोणी म्हणत. व्यापाऱ्यावाचून माल खपणार नाही, असे दुसरे कोणी म्हणत. दोन्ही पक्षांजवळ मते भरपूर होती. आकडे मात्र नव्हते.

ते आकडे मिळवण्यासाठी पुण्याच्या फळबाजाराची पद्धतशीर पाहणी एका तरुण प्राध्यापकाने हाती घेतली आणि १९३३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ. आधी पाहावे, मोजावे आणि मग बोलावे, हे व्रत त्यांनी जन्मभर पाळले. त्या व्रताने त्यांना बाजारपेठेतून खेड्यात, खेड्यातून साखर कारखान्यात आणि अखेर दिल्लीच्या नियोजन मंडळात नेले.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे बालपण नागपुरात गेले. पुढे उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. तेथे प्रबंधासाठी त्यांनी आपल्याच देशाचा विषय निवडला. रेल्वे आली, गिरण्या उभ्या राहिल्या, परदेशी कापड स्वस्तात येऊ लागले. या उलथापालथीत भारतातील विणकर, कारागीर, शेतकरी आणि मजूर यांचे काय झाले, याचा त्यांनी शोध घेतला. हा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला.

मायदेशी परतल्यावर त्यांनी थोडा काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. सरकारी नोकरीतील मानाची वाट त्यांच्यापुढे मोकळी होती. परंतु त्यांचे मन अध्यापनाकडे आणि संशोधनाकडे ओढ घेत होते. १९२५ साली ते सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे १९३० साली पुण्यात एक नवी संस्था निघाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून ही संस्था उभी राहिली. समाजाचे संस्थापक नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव तिला देण्यात आले. ही गोखले अर्थशास्त्र संस्था. तिचे पहिले संचालक म्हणून धनंजयरावांची नेमणूक झाली आणि १९६६ सालापर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्यांनी ते पद सांभाळले.

अर्थशास्त्र म्हणजे केवळ पैशाचे शास्त्र, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते निवडीचे शास्त्र आहे. शेतकऱ्यापुढे प्रश्न असतो, आपल्या चार एकरांत बाजरी पेरावी की ऊस लावावा? गृहिणीपुढे प्रश्न असतो, महिन्याच्या मिळकतीतून धान्य किती भरावे आणि मुलांच्या शिक्षणासाठी किती ठेवावे? सरकारपुढे प्रश्न असतो, आधी कालवा काढावा की रस्ता बांधावा? साधने थोडी आणि गरजा पुष्कळ, म्हणून प्रत्येकाला निवड करावी लागते. अशा लक्षावधी माणसांच्या निवडी एकत्र आल्या म्हणजे बाजार बनतो. बाजार कसा चालतो हे नीट कळले, तरच सरकारला शहाणपणाचे धोरण आखता येते.

गाडगिळांनी संस्थेच्या कामाचा पाया याच विचारावर घातला. परदेशी ग्रंथांतील सिद्धान्त जसेच्या तसे आपल्या देशाला लावून चालणार नाही. आपला बाजार, आपले शेत आणि आपले घर प्रत्यक्ष पाहिले पाहिजे, असे त्यांचे मत होते. फळबाजाराच्या अभ्यासाची निकडही तशीच होती. त्या काळी अनेक बाजारांत सौदे उघडपणे होत नसत. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांचा हात धरीत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ज्याच्या मालाचा सौदा चाले, तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला भाव कळत नसे. पुढे १९३९ साली मुंबई प्रांतात शेतमालाच्या बाजारांसाठी कायदा झाला आणि बाजार समित्यांच्या देखरेखीखाली व्यवहार आणण्याची तरतूद करण्यात आली. असे कायदे नीट आखायचे, तर बाजाराची आतली रीत आधी ठाऊक असावी लागते. ती उजेडात आणण्याचे काम अशा पाहण्यांनी केले.

फळबाजारानंतर त्यांनी मोटार वाहतुकीकडे लक्ष वळवले. त्या काळी एस. टी. अस्तित्वात नव्हती, खाजगी मालकांच्या मोटारी रस्त्यांवरून धावत. अशा सहा जिल्ह्यांतील वाहतुकीचा अहवाल १९३५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाचा अभ्यास १९४० साली बाहेर आला. शेतकऱ्याला पीक किती आले एवढेच पाहून भागत नाही. बी, खत, बैल आणि मजुरी यांवर काय खर्चले आणि घरच्या माणसांनी किती राबणूक केली, हेही पाहावे लागते. तेव्हाच शेती फायद्याची की तोट्याची, ते कळते.

यानंतरचे मोठे काम म्हणजे पुणे शहराची पाहणी. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. शहरातील कुटुंबे कोणते धंदे करतात, त्यांची मिळकत किती, ती कशा जागेत राहतात, याची माहिती घरोघर जाऊन गोळा करण्यात आली. सगळ्याच घरांत जाणे शक्य नसते. म्हणून पद्धतशीरपणे काही घरे निवडतात. शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतोच. परंतु शीत वरचेच घेतले आणि तळाचा भात करपलेला असला, तर परीक्षा चुकते. घरे निवडतानाही तशीच दक्षता घ्यावी लागते. वाड्यातील बिऱ्हाड आले पाहिजे आणि झोपडीतील कुटुंबही आले पाहिजे. शिवाय अनोळखी माणूस दारात येऊन मिळकत विचारू लागला, की लोक बिचकतात. हा कर बसवावयास तर आला नाही ना, अशी शंका त्यांना येते. त्यांचा विश्वास मिळवणे, ऐकलेले जसेच्या तसे टिपणे आणि मग महिनोन्महिने बेरजा-वजाबाक्या करणे, असे हे चिकाटीचे काम असते.

गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गाडगिळांनी एक महत्त्वाचा प्रश्न विचारला होता. कालव्यावर सरकारचा पैसा खर्च होतो आणि पाणीपट्टीच्या रूपाने त्यातील काही परत येतो. केवळ या जमाखर्चावरून कालवा तोट्यात आहे असे ठरवावे काय? कालव्याचे पाणी आले, की मजुरांना काम मिळते, गाडीवानाला भाडे मिळते, पेठेतील दुकान वाढते, कारखान्याला कच्चा माल मिळतो. हे लाभ पाणीपट्टीच्या वहीत दिसत नाहीत, तरी ते खरेच असतात. म्हणून बागायती आणि जिरायती गावांची तुलना करून हे अप्रत्यक्ष लाभही मोजण्याचा त्यांनी प्रयत्न केला. सार्वजनिक खर्चाची अशी पारख करण्याची रीत तेव्हा आपल्या देशात नवीन होती.

त्याच सुमारास त्यांच्या सत्यनिष्ठेची परीक्षा पाहणारा प्रसंग आला. दुसऱ्या महायुद्धामुळे देशात धान्याची टंचाई झाली होती. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लक्षावधी माणसे दगावली. त्याच वर्षी मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. टंचाईच्या काळात धान्याचा बाजार मोकाट सोडू नये, असे गाडगिळांचे ठाम मत होते. त्याचे कारण समजण्यास सोपे आहे. बाजारात ज्याच्याजवळ पैसा असतो त्याची मागणी पुरी होते. गरिबाची भूक कितीही मोठी असली, तरी खिसा रिकामा असेल तर दुकानदाराच्या हिशेबात ती धरली जात नाही. म्हणून अपुरे धान्य सर्वांना थोडेथोडे मिळावे आणि त्याचा भाव आवाक्यात राहावा, ही जबाबदारी सरकारने घेतली पाहिजे, असे ते सांगत.

१९४७ साली भारत सरकारने किमतींविषयी सल्ला देण्यासाठी एक मंडळ नेमले. त्यावर गोरवाला आणि गाडगीळ यांची नेमणूक झाली. त्या वेळी लोक नियंत्रणांना कंटाळले होते. शिधापत्रिका, रांगा, काळाबाजार आणि लाचलुचपत यांचा त्यांना वीट आला होता. व्यापाऱ्यांना नियंत्रणे नकोच होती. आणि खुद्द महात्मा गांधींचे मतही ती उठवावीत असेच होते. अशा वेळी प्रवाहाबरोबर जाणे सोपे होते. परंतु मंडळाने आपला सल्ला बदलला नाही. नियंत्रणांतील दोष दूर करावेत, पण टंचाई असेपर्यंत ती उठवू नयेत, अशी त्याची भूमिका होती. सरकारने हा सल्ला न मानता १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रणे सैल करण्यास आरंभ केला. पुढील काही महिन्यांत किमती झपाट्याने चढल्या आणि १९४८ सालीच सरकारला पुन्हा नियंत्रणांकडे वळावे लागले. गांधीजींविषयी देशाच्या मनात अपार आदर होता. पण आदर वेगळा आणि हिशेब वेगळा, हे गाडगीळ जाणून होते.

केवळ सल्ला देऊन ते थांबले असते, तरी त्यांचे नाव विद्वानांत राहिले असते. परंतु आपला विचार व्यवहारात उतरवण्याची संधी त्यांना अहमदनगर जिल्ह्यात मिळाली. प्रवरेच्या कालव्यावर ऊस पिकवणारे शेतकरी गूळ करीत. गुळाचा भाव चढला की चार पैसे मिळत, पडला की कर्ज डोक्यावर बसे. साखर कारखाना काढावा, तर यंत्रसामग्रीला लागणारे भांडवल एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरचे होते. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे बागाईतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच्या मालकीचा कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला. लोणी गावचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो उचलून धरला.

विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. परंतु सहकाराची त्यांची जाण मोठी होती. १९२३ सालीच त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी काढली होती. त्यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून कारखान्याचे भाग गोळा केले. केंब्रिजचा पदवीधर आणि लोणीचा शेतकरी यांची अशी जोडी जमली. एकाने लोकांचा विश्वास आणला, दुसऱ्याने हिशेबाची शिस्त आणली. मुंबई सरकारातील मंत्री वैकुंठभाई मेहता यांचेही साह्य लाभले. अडाणी शेतकऱ्यांना कारखाना चालवता येईल काय, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. परंतु १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याचे धुराडे पेटले आणि शेतकऱ्यांच्या मालकीची साखर पोत्यांत भरू लागली. गाडगीळ या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते आणि आरंभीची अनेक वर्षे त्यांनी ही जबाबदारी वाहिली. पुण्याची संस्था सांभाळून ते लोणीस जात, सभा घेत, हिशेब पाहत.

सहकाराचे तत्त्व त्यांना विशेष प्रिय होते. खाजगी कंपनीत ज्याचे भाग अधिक त्याची मते अधिक. सहकारी संस्थेत मात्र दोन एकरांच्या धन्याला एक मत आणि वीस एकरांच्या धन्यालाही एकच मत. लहान माणूस बाजारात एकटा उभा राहिला तर दुबळा ठरतो. दहा जणांशी हात मिळवले तर त्यालाही भाव ठरवताना चार शब्द बोलता येतात. लोणीच्या यशानंतर महाराष्ट्रात शंभराहून अधिक सहकारी साखर कारखाने निघाले. त्यांच्या आश्रयाने शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये उभी राहिली. पुढे काही कारखाने कर्जात बुडाले, काही ठिकाणी थोड्यांच्याच हाती सत्ता गेली, आणि उसाला लागणाऱ्या पाण्याचा प्रश्नही बिकट झाला.

शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्नही त्यांनी असाच मुळापासून तपासला. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली देशातील ७५ जिल्ह्यांतल्या ६०० खेड्यांची पाहणी केली. तिचे मार्गदर्शन करणाऱ्या समितीत गाडगीळ होते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने सर्वांचे डोळे उघडले. शेतकरी शंभर रुपये कर्ज काढी, त्यांपैकी सुमारे सत्तर रुपये सावकाराकडून येत. सहकारी संस्थांचा वाटा तीन रुपयांच्या आसपास होता. आणि व्यापारी बँकांचा तर एक रुपयाही भरत नव्हता. सहकारी चळवळीला तोवर पन्नास वर्षे होत आली होती. तिच्या अनुयायांनाच हा आकडा झोंबणारा होता, तरी तो लपवण्यात आला नाही. समितीने सहकार सोडून देण्यास सांगितले नाही. त्याला सरकारने भांडवलाचा आधार द्यावा, कर्जाबरोबर माल साठवण्याची आणि विकण्याची सोयही व्हावी, असे सुचवले. खेड्यांपर्यंत पोहोचणारी मोठी बँक हवी, या तिच्या शिफारशीतून १९५५ साली भारतीय स्टेट बँक स्थापन झाली.

१९६६ साली गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, १९६७ साली, त्यांना नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद देण्यात आले. देशाच्या योजनांवर ते आजवर परखड टीका करीत आले होते. आता योजना आखण्याची जबाबदारीच त्यांच्यावर आली. त्यांच्यापुढे एक नाजूक प्रश्न होता. केंद्र सरकार राज्यांना योजनांसाठी साह्य देई. परंतु कोणत्या राज्याला किती द्यावे, याचा निश्चित नियम नव्हता. त्यामुळे ज्याचे वजन अधिक त्याला अधिक मिळते, अशी तक्रार होई.

गाडगिळांनी त्यासाठी एक सूत्र तयार केले आणि १९६९ साली सर्व राज्यांच्या संमतीने ते स्वीकारण्यात आले. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड या राज्यांच्या विशेष गरजा आधी भागवायच्या. मग उरलेल्या रकमेचे शंभर भाग कल्पायचे. त्यांतील ६० भाग लोकसंख्येप्रमाणे वाटायचे. १० भाग केवळ त्या राज्यांना द्यायचे, ज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी आहे. १० भाग करवसुलीसाठी राज्याने केलेल्या प्रयत्नांवर, १० भाग चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज योजनांवर आणि उरलेले १० भाग राज्याच्या खास अडचणींवर अवलंबून ठेवले. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न सरासरीहून अधिक असल्याने गरीब राज्यांसाठी राखलेल्या दहा भागांतून त्याला काहीच मिळणार नव्हते. सूत्र करणारा महाराष्ट्राचा होता. पण सूत्र महाराष्ट्रासाठी केलेले नव्हते. पुढे त्यात वेळोवेळी बदल झाले, तरी कित्येक वर्षे ते गाडगीळ सूत्र याच नावाने ओळखले गेले.

त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने आणखी एक सूचना केली. बँकांनी शहरांतच दाटी न करता प्रदेश वाटून घ्यावेत आणि आपापल्या प्रदेशाच्या गरजा अभ्यासाव्यात, असा तिचा आशय होता. त्यातूनच प्रत्येक जिल्ह्यासाठी एक अग्रणी बँक नेमण्याची योजना आली. आजही जिल्ह्याजिल्ह्यांत ती चालू आहे.

१९७१ साली गाडगीळ नियोजन मंडळातून मोकळे झाले. प्रकृती खालावली होती. पुण्याला परतावे, आपल्या ग्रंथांत आणि विद्यार्थ्यांत राहावे, अशी वेळ आता आली होती. परंतु दिल्लीहून पुण्याकडे येत असता, ३ मे १९७१ रोजी, प्रवासातच त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांनी घालून दिलेली रीत मात्र पुढे चालू राहिली. त्याच वर्षी गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास गाजला. देशात गरीब किती आणि गरीब कोणाला म्हणावे, हे त्यात आकड्यांनी मांडले होते. अर्थतज्ज्ञ सुलभा ब्रह्मे या धनंजयरावांच्या कन्या आणि पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र होत.

नियोजन मंडळ २०१५ साली इतिहासजमा झाले आणि बाजारांचे स्वरूपही पालटले. तरीही मळ्यातले फळ अनेक हातांतूनच आपल्या घरी येते, आणि त्याच्या किमतीतील किती वाटा पिकवणाऱ्याला मिळतो, हा प्रश्न अजून संपलेला नाही. त्याचे उत्तर दरवर्षी, दर बाजारात पुन्हा मोजावे लागते. ते कसे मोजावे, हे धनंजयराव गाडगीळ यांनी आपल्याला दाखवून दिले.